बालसैनिकांसाठी देणगी: गाजलेली मोहीम, जुनी संस्था की जिल्ह्यातले काम?

गणेशोत्सवाचा हिशेब मिटल्यावर आमच्या गल्लीतील मंडळाकडे चाळीस हजार रुपये शिल्लक राहिले आणि ते मुलांच्या कामाला द्यावेत यावर बैठकीत कोणाचेच दुमत झाले नाही. वाद झाला तो कोणत्या मुलांच्या, यावर. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्रफीत टाकली होती: आफ्रिकेतल्या कुठल्याशा जंगलात खांद्याला बंदूक अडकवलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पाठीमागे संथ पियानो आणि शेवटी पाचशे रुपयांचे आवाहन व क्यूआर कोड. देशाचे नाव नाही, वर्ष नाही, मुलाच्या हातात बंदूक देणारे कोण तेही नाही. मी तसे विचारले तर ती म्हणाली, "मामा, काळीज हलतंय बघून, आणि तुम्ही नुसती खोट काढूलाय." खजिनदाराचे कामच खोट काढण्याचे असते, पण तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. म्हणून पुढच्या बैठकीसाठी मी तीन पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ज्या मंडळांसमोर हाच प्रश्न आला असेल, त्यांच्यासाठी ते टिपण येथे थोडे विस्ताराने देत आहे.

प्रथम विषयाची हद्द. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली मंजूर केलेल्या आणि 12 फेब्रुवारी 2002 पासून लागू झालेल्या बालहक्कांच्या पूरक करारानुसार सशस्त्र टोळ्यांनी 18 वर्षांखालील कोणालाही घ्यायचे नाही, आणि सरकारी सैन्यांनी त्या वयाखालील जवानाला प्रत्यक्ष लढाईत उतरवायचे नाही. भारताने 2005 मध्ये हा करार स्वीकारला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या आमच्या गावात भरतीसाठी पहाटे धावणारी साडेसतरा वर्षांची मुले रोज दिसतात. ती या व्याख्येत बसत नाहीत, कारण स्वेच्छेची भरती आणि अठरापूर्वी लढाई नाही ही अट त्यांना लागू आहे. बालसैनिक म्हणजे केवळ बंदूक धरणारे मूलही नव्हे. स्वयंपाकी, हमाल, खबऱ्या म्हणून वापरलेली मुले आणि टोळीतल्या माणसांच्या गळ्यात 'बायको' म्हणून बांधलेल्या मुली यांचाही त्यात समावेश होतो. चित्रफितीत बहुधा बंदूकवाला मुलगाच असतो, मुलगी क्वचितच.

पहिला पर्याय गाजलेल्या मोहिमेचा. तिची सर्वांत मोठी परीक्षा 2012 मध्ये होऊन गेली असल्यामुळे तोच नमुना धरणे योग्य होईल. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील 'इनव्हिजिबल चिल्ड्रन' या संस्थेने 5 मार्च 2012 रोजी 'कोनी 2012' ही सुमारे अर्ध्या तासाची चित्रफीत प्रसारित केली आणि सहा दिवसांत ती दहा कोटी वेळा पाहिली गेली. युगांडातील लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या टोळीचा म्होरक्या जोसेफ कोनी याला जगात इतके कुप्रसिद्ध करायचे की त्याला पकडण्यावाचून सरकारांना गत्यंतर राहू नये, अशी ती कल्पना होती. त्यासाठी 30 डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दीड हजार रुपयांची, पोस्टरे आणि मनगटात घालायची कडी असलेली पेटी विकली जात होती. 20 एप्रिलच्या रात्री जगभर भिंती पोस्टरांनी भरून टाकायच्या होत्या. प्रत्यक्षात त्या रात्री बहुतेक शहरांत तुरळक माणसे जमली.

कोनीचे गुन्हे खोटे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. त्याच्या टोळीने हजारो मुले पळवली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2005 मध्येच त्याच्यावर वॉरंट काढले होते. आक्षेप वेगळे होते. चित्रफीत आली तेव्हा ही टोळी युगांडा सोडून सहा वर्षे झाली होती आणि काही शेकडा माणसांनिशी काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक व दक्षिण सुदान यांच्या जंगलांत भटकत होती. अपहरणाच्या भीतीने उत्तर युगांडातील गुलू शहराच्या रस्त्यांवर रात्री झोपायला येणाऱ्या मुलांचे चित्रफितीतले दृश्य जुन्या काळातले होते. उत्तर युगांडातील लिरा गावी त्याच महिन्यात ही चित्रफीत जाहीरपणे दाखवली गेली, तेव्हा ज्यांची मुले प्रत्यक्ष पळवली गेली होती तेच लोक संतापले, दगडफेक झाली आणि पुढील खेळ थांबवावे लागले. ज्यांच्या दुःखाची गोष्ट सांगायची त्यांना ती आधी दाखवली होती का, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक मोहिमेला मनातल्या मनात विचारतो.

पैशाचा वाद अधिक शिकवणारा आहे. त्या संस्थेने 2011 च्या आर्थिक वर्षात सुमारे 89 लाख डॉलर खर्च केले आणि त्यातला सुमारे 32 टक्के भाग आफ्रिकेतील प्रत्यक्ष सेवांवर गेला, असे टीकाकारांनी दाखवले. संस्थेने उत्तर दिले की ऐंशी टक्क्यांहून अधिक खर्च कार्यक्रमांवरच झाला आहे. गंमत अशी की दोन्ही आकडे खरे होते. संस्था चित्रपट काढणे, दौरे करणे आणि अमेरिकी खासदारांवर दबाव आणणे यालाही कार्यक्रम मानत होती, आणि तसे ती लपवतही नव्हती. देणगीदाराच्या डोळ्यांसमोर मात्र शाळा आणि दवाखाना होता. त्यामुळे 'प्रशासकीय खर्च किती' हा आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न येथे अपुरा पडतो. 'तुम्ही काम कशाला म्हणता' हे आधी विचारावे लागते. हिशेब उघड असणे आणि देणगीदाराचा समज बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याहून गंभीर आक्षेप उपायाचा. सैन्य पाठवा, हा त्या मोहिमेचा गाभा होता. परंतु अशा टोळीवर बाँब टाकले की मरतात तीच पळवलेली मुले, कारण पुढच्या रांगेत तीच असतात. डिसेंबर 2008 मध्ये युगांडाच्या सैन्याने अमेरिकेच्या मदतीने काँगोतील गारांबाच्या जंगलात कोनीच्या तळावर हल्ला केला, कोनी निसटला आणि सूड म्हणून नाताळच्या दिवसांत काँगोतील शेकडो गावकऱ्यांची कत्तल झाली.

चित्रफितीचे माध्यम कोठे तोकडे पडते हे मला डॉमिनिक ओंगवेनच्या खटल्यात सर्वांत स्पष्ट दिसते. शाळेच्या वाटेवर, सुमारे नऊ वर्षांचा असताना, त्याला कोनीच्याच टोळीने पळवले. तो तेथेच वाढला, सेनानी झाला आणि त्याने इतरांची मुले पळवली. फेब्रुवारी 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला 61 आरोपांत दोषी धरले आणि मे महिन्यात 25 वर्षांची शिक्षा देताना त्याचे स्वतःचे अपहरण सौम्यकारक बाब म्हणून लक्षात घेतले. पोस्टरवर या माणसाला मुलांच्या रांगेत बसवायचे की राक्षसांच्या? न्यायालयाला त्यासाठी वर्षे लागली. तसेच 14 मार्च 2012 रोजी, म्हणजे त्या चित्रफितीनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, याच न्यायालयाने आपला पहिलावहिला निकाल दिला आणि तो काँगोतील थॉमस लुबांगा याला पंधरा वर्षांखालील मुलांना लढाईत जुंपल्याबद्दल दोषी ठरवणारा होता. बालसैनिकांच्या प्रश्नावरचा तो मोठा दिवस, पण माझ्या ओळखीत कोनीचे नाव ऐकलेले दहा जण निघतील, लुबांगाचे एकही नाही.

या मोहिमेला श्रेय द्यायचे ते असे: कोनीच्या शोधात मदत करायला अमेरिकेने सुमारे शंभर लष्करी सल्लागार 2011 मध्येच पाठवले होते, आणि त्यांना माघारी बोलावणे राजकीयदृष्ट्या अवघड करण्यात या गाजावाजाचा हातभार लागला असणे शक्य आहे. ती शोधमोहीम 2017 मध्ये थांबली आणि कोनी सापडला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये हेगला, त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात, त्याच्या गैरहजेरीतच आरोपनिश्चितीची सुनावणी झाली. याच संस्थेने दुर्गम खेड्यांना धोक्याची सूचना देणारे रेडिओचे जाळे उभारले आणि 'घरी या' सांगणारी पत्रके जंगलात टाकली, हे काम मला तिच्या चित्रफितीपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

दुसरा पर्याय जुन्या, रुळलेल्या संस्थांचा: युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, वॉर चाइल्ड, तुटलेल्या कुटुंबांचा माग काढणारी रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती. यांच्या कामाचा केंद्रबिंदू टोळीचा म्होरक्या नसून परत आलेले मूल असतो. आमच्या गल्लीतील एका निवृत्त सुभेदारांनी काँगोतील गोमा परिसरात शांतिसेनेत काम केले आहे. त्यांनी सांगितलेला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही: पायांत दोन मापे मोठे गमबूट, आत कोंबलेले गवत, बंदूक मुकाट्याने खाली ठेवली पण बूट काढायला काही केल्या तयार होईना. त्याला बालसंरक्षण विभागाकडे सोपवले की जवानांचे काम संपले, आणि खरे काम तेथून सुरू झाले. आधी संक्रमण केंद्र, मग घरच्यांचा शोध, शाळा किंवा सुतारकी-शिवणासारखे हातचे काम, आणि गावाने त्याला स्वीकारावे म्हणून केलेल्या भेटी. एका मुलामागे तीन ते पाच वर्षे धरावी लागतात असे या क्षेत्रातील लोक मानतात. मध्येच पैसा आटला तर मुले पुन्हा टोळीत जातात, आणि सुभेदारांनी असे परत गेलेले चेहरेही ओळखले होते. उत्तर युगांडातील अचोली लोकांत परतलेल्याने अंड्यावर पाय ठेवून घरात यायचे असा विधी आहे. आपण दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतो, तसेच हे. असा विधी संस्था करू शकत नाही, पण मूल त्या दारापर्यंत पोचवण्याचा खर्च ती करू शकते.

या संस्थांचेही उणे आहेतच. आपला रुपया नेमका कोणत्या मुलापर्यंत पोचला हे तेथे कधीच कळत नाही, कारण बहुतेक देणग्या एका मोठ्या निधीत मिसळतात. त्यांच्याही जाहिरातींत डबडबलेले डोळे असतातच. आणि महिन्याची देणगी मागणारा फोन एकदा सुरू झाला की थांबवणे कठीण जाते. तरी लेखापरीक्षित अहवाल मिळतो आणि मागील वर्षाशी तो ताडून पाहता येतो. बालसैनिकांवर शांतपणे संशोधन करणारी 'चाइल्ड सोल्जर्स इंटरनॅशनल' ही संस्था 2019 मध्ये बंद पडली, तेव्हा कोठेही गाजावाजा झाला नाही, ही गोष्टही गाजणे आणि उपयोगी असणे यांची तुलना करताना आठवावी.

येथे पैसे पाठवण्याचे नियमही निर्णय बदलतात. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर, आपण सवयीने जिला 80 जी म्हणतो ती आयकरातील वजावट मिळत नाही. ती भारतात नोंदलेल्या पात्र संस्थेलाच, जुनी करप्रणाली निवडलेल्यांना आणि दोन हजारांवरील रक्कम रोखीने न दिल्यास मिळते. परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना व्यक्तींसाठी आहे, न्यासांसाठी नाही. शिवाय नोंदणीकृत न्यासाने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर विशेष मान्यता असल्याखेरीज त्या रकमेवरील आयकराची सूट जाते. आमचे मंडळ न्यास असल्यामुळे मंडळाच्या पैशापुरता थेट परदेशी मोहिमेचा पर्याय येथेच संपला. भाचीच्या चित्रफितीतील क्यूआर कोड मी स्कॅन करून पाहिला, तर पैसे घेणारा म्हणून संस्थेचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले. एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. पण पावती कोणाच्या नावाची मिळणार, हे विचारायला एवढे पुरते.

तिसरा पर्याय जिल्ह्यातला. बालसैनिक आपल्याकडे नाहीत म्हणताना एक अपवाद ध्यानात ठेवावा: छत्तीसगड परिसरात नक्षलवाद्यांनी मुलांची 'बाल संघम' पथके केल्याच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहेत. बेळगाव जिल्ह्यात मुलांच्या हाती बंदूक नाही, पण उसाच्या हंगामात फडावर आलेल्या तोडकऱ्यांची मुले शाळेबाहेर असतात आणि निपाणीकडे घरबसल्या विड्या वळणाऱ्या आईशेजारी मुलगीही बसते. हा बालसैनिकांच्या प्रश्नाला पर्याय नव्हे, आणि 'आधी घरचे बघा' हा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही. येथे एकच बाजू वरचढ आहे, आणि ती म्हणजे शनिवारी दुपारी बसने जाऊन मुले हजर आहेत की नाहीत ते मोजता येते.

बैठकीत माझी शिफारस मान्य झाली. मंडळाचे चाळीस हजार ऊसतोड्यांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेला दोन हप्त्यांत दिले जातील, दुसरा हप्ता पट पाहून. बालसैनिकांसाठी ज्यांना मनापासून द्यायचे होते त्या अकरा जणांनी, भाची आणि सुभेदार धरून, आपापल्या खिशातून प्रत्येकी पंधराशे रुपये भारतात नोंदणी असलेल्या एका जुन्या संस्थेला धनादेशाने दिले आणि रक्कम संघर्षग्रस्त मुलांच्या कामासाठी वापरावी असे पत्र सोबत जोडले. क्यूआर कोडवाल्या मोहिमेला मी देश कोणता, काम कोणते आणि पावती कोणाची, असे तीन प्रश्न ईमेलने पाठवले होते. परवा उत्तर आले: तीच चित्रफीत, पियानोच्या जागी बासरी.