कार्बन-13 ग्लुकोज: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपासून आमच्या प्रयोगशाळेत पेशींना सहाही कार्बन ‘कार्बन-13’चे असलेलं ग्लुकोज देतोय. कार्बन-13 म्हणजे कार्बनचा थोडा जड प्रकार; ही खूण (लेबल) धरून ग्लुकोजमधला कार्बन पेशीत कुठे कुठे जातो ते कळतं. महाग आहे, पण पुन्हा घेईन.

पहिला धडा वजनकाट्यावरच मिळाला. साध्या ग्लुकोजचा रेणुभार 180, याचा 186. सवयीप्रमाणे लिटरला 4.5 ग्रॅमच्या हिशेबाने घेतलं आणि मीडियात (पेशी वाढवायच्या द्रावात) 25 मिलिमोलरऐवजी (हे रेणूंच्या संख्येवरून मोजलेलं प्रमाण) जेमतेम 24 भरलं. मग मीडियात घालायचं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव). त्यात आधीच साधं ग्लुकोज असतं, ते आपलं लेबल पातळ करतं. डायलिसिस करून ग्लुकोजसारखे लहान रेणू काढून टाकलेलं सीरम वापरायला लागल्यावर आकडे जागेवर आले.

मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) ग्लुकोजच्या एम+6, म्हणजे सहा जड कार्बनवाल्या रेणूंच्या, शेजारी एम+5 चा छोटा पीक दिसला तेव्हा बाटलीच खराब निघाली असं वाटलं. तसं नव्हतं. प्रत्येक कार्बन 99 टक्के शुद्ध असला, तरी सहाही एकाच वेळी जड असण्याची शक्यता 94 टक्क्यांच्या आसपासच येते. उलट साध्या ग्लुकोजवरच्या पेशींतही नैसर्गिक 1.1 टक्के कार्बन-13 असतोच, म्हणून प्रत्येक खेपेला बिनलेबलची एक प्लेट ठेवतो. तिच्याशिवाय हा नैसर्गिक वाटा वजा करण्याचं गणित तपासताच येत नाही.

मला हा प्रकार मनापासून पटला तो सायट्रेटमुळे, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या क्रेब्स चक्रातल्या एका रेणूमुळे. आमच्या एका प्रयोगात सायट्रेट वाढलेलं होतं आणि चक्र जोरात चाललंय असं आम्ही धरून चाललो होतो. लेबल पाहिलं तर एम+2 चा वाटा घटलेला! म्हणजे ग्लुकोजमधून चक्रात येणारा दोन कार्बनचा ॲसिटिल गट कमी, कार्बन दुसरीकडून येतोय. मग पाच लेबल्ड कार्बनचं ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) दिलं, आणि सायट्रेटचा एम+5 ठळकपणे वर आला. पाचही खुणा टिकल्या, म्हणजे चक्राचा तेवढा भाग उलटा चालत होता. नुसतं प्रमाण मोजत बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं.

सांभाळायचं ते पेशींतल्या क्रिया थांबवताना. ग्लायकोलिसिसचे (ग्लुकोज फोडण्याच्या क्रियेचे) मधले रेणू सेकंदांत बदलतात. धुण्यात वेळ घालवू नका, उणे 80 अंशांवर ठेवलेलं 80 टक्के मिथेनॉल हाताशी तयार हवं. किरणोत्सार नसल्याने बाकी हाताळणी साध्या साखरेसारखीच.

आता फक्त पहिला आणि दुसरा कार्बन लेबल्ड असलेलं ग्लुकोज सुरू करतोय. ग्लायकोलिसिसमधून सरळ आलेल्या लॅक्टेटवर (त्या क्रियेअखेर बनणाऱ्या रेणूवर) दोन खुणा राहतात. पेंटोज मार्गाने (ग्लुकोज फोडण्याच्या दुसऱ्या वाटेने) फिरून आलं तर एकच, कारण पहिला कार्बन वाटेतच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.