एरंड, गुंज की कारलं? प्रोजेक्टला कुठलं घ्यायचं बघा

बेळगाव-खानापूरकडची एमएस्सीची पोरं सध्या एकच विचाराल्यात, विषारी बियांतलं प्रोटीन कॅन्सरवर चालतंय म्हणतात, प्रोजेक्टला एरंड घेऊ, गुंज घेऊ की कारलं. तिन्ही आपल्याकडं मिळतात, एरंड बांधाला, गुंज झुडपात, कारलं परसात, त्यामुळं कुठलंही उचललं तरी चालेल असं वाटतंय, पण तसं नाही.

काम तिघांचं एकच. पेशीत प्रोटीन तयार करणारा रायबोसोम असतोय की, त्याच्या आरएनएतलं एक, फक्त एकच अ‍ॅडेनिन (आरएनएच्या चार अक्षरांतलं एक) ही प्रोटीनं तोडून काढतात आणि तो रायबोसोम कायमचा बंद. हे 1987 ला जपानच्या एंडो आणि त्सुरुगी यांनी दाखवलं. एरंडाच्या बीतलं विषारी प्रोटीन म्हणजे रायसिन, त्याचा एक रेणू मिनिटाला हजारावर रायबोसोम निकामी करतोय, म्हणजे पेशी मारायला आत शिरलेले मोजके रेणूसुद्धा पुरतात.

फरक आहे तो आत शिरण्यात, आणि माझ्या मते निवड इथंच ठरते. एरंडाचं रायसिन आणि गुंजेचं अ‍ॅब्रिन दोन साखळ्यांचं, 'बी' (B) नावाची साखळी पेशीवरच्या साखरेला धरते आणि 'ए' (A) साखळी आत जाऊन नासधूस करते. कारल्याच्या बीतल्या मोमोरचारिन या प्रोटीनला ती 'बी' (B) साखळीच नाही, त्यामुळं ते पेशीत सहजासहजी जात नाही, विषारीपणा कितीतरी कमी. (कमी म्हणजे शून्य नव्हे, उंदरांत गर्भपात झालेले आहेत.)

रायसिनवर वाचायला सगळ्यात जास्त मिळेल, 1888 ला स्टिलमार्कनं ते वेगळं काढलं तेव्हापासून काम चालूय. पण रासायनिक अस्त्रबंदी करारात ते पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, 1978 ला लंडनमध्ये बल्गेरियन लेखक मार्कोव्हचा खून त्यानंच झाला असं मानतात, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये ते काढायचा विचारसुद्धा नको. एरंडेल तेलाचं काय म्हणाल तर हे प्रोटीन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतंय, म्हणून ती पेंड खताला जाते, म्हशीपुढं टाकत नाहीत.

गुंज दिसायला देखणी, सोनाराच्या तराजूत वजनाला असायची, पण अ‍ॅब्रिन रायसिनहून जहाल. आयुर्वेदात गुंज उपविषात धरलीय आणि दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, उष्णतेनं प्रोटीन मोडतंय त्यामुळं यामागचं कारण आज नीट कळतं.

औषधाचं म्हणाल तर कल्पना फार सुंदर आहे, 'ए' (A) साखळी ठरावीक पेशी ओळखून धरणाऱ्या अँटीबॉडीला जोडायची म्हणजे विष फक्त कॅन्सरच्या पेशीत पोचेल, यालाच इम्युनोटॉक्सिन म्हणतात. अडचण अशी की शरीर परक्या प्रोटीनविरुद्ध स्वतःच्याच अँटीबॉडी तयार करतंय आणि केशवाहिन्या पाझरून सूज येते, त्यामुळं रायसिनचं कॅन्सरवरचं औषध अजून मंजूर झालेलं नाही. रायबोसोम अडवणारं वनस्पतीतलं मंजूर औषध पाहिजे असेल तर ओमासेटॅक्सिन वाचा, 2012 ला अमेरिकेत एका ब्लड कॅन्सरसाठी मंजूर झालं, पण ते अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं लहान रेणूचं रसायन आहे, प्रोटीन नव्हे.

म्हणून मी सांगेन, हातानं करायचं काम कारल्यावर करा, तेही गाइड आणि बायोसेफ्टी कमिटीला विचारून, आणि रायसिन-अ‍ॅब्रिन रिव्ह्यूपुरतं ठेवा. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या लोकांशी एकदा जरूर बोला.

आणि घरात कॅन्सरचा पेशंट आहे म्हणून कुणी गुंज नाहीतर एरंडाची बी वाटून द्यायला सांगत असेल तर हात जोडून नाही म्हणा. अख्खी गिळलेली बी कवच टणक असल्यामुळं बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली फार घातक, आणि याच्यावर खास उतारा नाही. पोरानं खाल्ली असं नुसतं वाटलं तरी उलटी-जुलाबाची वाट बघू नका, उरलेली बी हातात घ्या आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जावा.