जुनी ८ गिअरची रोड बाइक, थोडे पैसे: काय बदललं, काय नाही

सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, शिमानो क्लॅरिस (शिमानो कंपनीचा स्वस्तातला गिअर-सेट), मागे ८ गिअर. एकदम खर्च झेपणारा नव्हता, म्हणून जमेल तसा एकेक पार्ट बदलत गेलो. त्यावर एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा गेलाय.

सगळ्यात जास्त वसूल झाले ते टायरचे पैसे. २३ मिमी रुंदीचे होते, आता २८. पुण्यात कोंढव्यातले स्पीडब्रेकर आणि उखडलेला डांबर मनगटात पोचायचा, तो बराच कमी झाला. हवा ८० पीएसआयच्या आसपास पुरते. फक्त घेण्याआधी ब्रेकच्या खाली किती जागा आहे ते बघा. कितीतरी जुन्या फ्रेममध्ये २५ च्या पुढे काही बसत नाही.

ब्रेक पॅडला लोक फार कमी भाव देतात. मी कार्ट्रिजवाले लावले, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं रबर बदलायचं. पावसात पॅडमध्ये रिमचा अ‍ॅल्युमिनियमचा चुरा रुततो आणि करकर सुरू होते. सुईने उकरून काढला की आवाज बंद. बोपदेव घाट उतरताना फरक कळतो.

केबल बदलणार असाल तर बार टेपचे पैसे त्यातच धरा, कारण माझ्यासारखी केबल टेपखालून जात असेल तर टेप उसवावीच लागते. गिअरची आणि ब्रेकची आउटर (केबलवरची नळी) वेगळी असते, दुकानदार एकच गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. कापलेलं टोक कानशीने सपाट केलं, तेव्हा कुठे गिअर एका क्लिकला पडायला लागले. इतके दिवस मी डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) शिव्या घालत होतो!

चेन मोजायला शाळेतली १२ इंची पट्टी पुरते. शून्य एका पिनवर ठेवा. नव्या चेनची पिन बरोबर १२ वर येते. १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) गेलीच समजा, आणि चेनपेक्षा ती महाग.

माझी कॅसेट तशीही संपली होती, म्हणून ११-२८ ऐवजी ११-३२ (सगळ्यात छोट्या आणि मोठ्या चकतीचे दात) घेतली. पुढे ३४ दातांची चकती असल्याने घाटात आता जवळजवळ एकास एक गिअर मिळतो. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब) होता म्हणून जमलं. छोट्या पिंजऱ्यावर २८ च्या पुढे कंपनी हमी देत नाही.

१० गिअरवर जायचा मोह झाला होता. पण त्याला शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन सगळंच नवं लागतं, आणि तेवढ्यात दोन वर्षांचे टायर येतात. चाकं जुनीच आहेत, ती ट्रू करून (डुगडुग काढून सरळ) घेतली, बस्स.

आता नंबर बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या फ्रेममधल्या बेअरिंगचा. उभं राहून पेडल मारलं की खालून कटकट येते. साधा चौकोनी दांड्याचा सीलबंद प्रकार आहे, स्वस्त मिळतो. पण काढायला खास पाना लागतो आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. पाना विकत घेण्याऐवजी कुणाकडे उसना मिळतो का, ते बघतोय.