बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव : साडेचार हजार रुपये, पाचपैकी दीड तारा

सहावीतल्या आमच्या मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मोठी पोरं जूनपासून छळत होती. 'ढापण्या' म्हणायचं, चष्मा काढून मागच्या सीटवर फिरवायचा, डबा खाऊन रिकामा परत द्यायचा. मला कळलं दिवाळीनंतर, चष्म्याची काडी तिसऱ्यांदा बदलताना. सोसायटीतली एक म्हणाली, "डीएमआयटी करून घे, स्वभाव मुळापासून कळतो." म्हणजे बोटांचे ठसे घेऊन स्वभाव सांगणारी टेस्ट. गेलो. सेंटरचं नाव लिहीत नाही.

चांगलं आधी सांगते. एसी आहे, दिलेल्या वेळेला आत घेतात, बाई गोड बोलतात. अर्धा तारा पार्किंगचा. दहाही बोटं स्कॅनरवर तीन-तीन बाजूंनी टेकवून घेतली. पोराला मजा वाटली, आधार कार्डासारखंच म्हणाला. आठवड्याने स्पायरल बाइंडिंगचा जाडजूड रंगीत रिपोर्ट. त्यात मुलांचे चार पक्षी : गरुड, मोर, घुबड, कबूतर. आमचं निघालं कबूतर. "शांत, नमतं घेणारं, म्हणून टार्गेट होतं," असं बाईंनी समजावलं आणि अठरा हजारांचं 'कॉन्फिडन्स पॅकेज' पुढे सरकवलं. घरी धाकटीने रिपोर्ट उघडला आणि त्याला लगेच 'कबुतर' म्हणायला लागली. म्हणजे एक टोपणनाव घालवायला गेलो आणि दुसरं विकत घेऊन आलो.

मला खटकलं ते असं. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरून जातात. स्वभाव त्यातच लिहिलेला असेल, तर पाचवीपर्यंत हाच मुलगा याच व्हॅनमधून गाणी म्हणत कसा जायचा? बाईंकडे उत्तर नव्हतं, ब्रोशर होतं.

माझी मावसबहीण कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. रिपोर्ट बघून आधी हसली, मग चिडली. "ताई, ठशांचा आणि स्वभावाचा काही संबंध सिद्ध झालेला नाही. स्वभाव मोजतात प्रश्नावलीने, त्याचे पाच पैलू धरून. दादागिरी करणाऱ्या मुलांत दुसऱ्याला समजून घेणं आणि शिस्त सरासरीने कमी सापडते, छळ सोसणाऱ्यांत चिंता जास्त. पण ही सरासरी झाली, तुझा मुलगा नव्हे. आणि रोज चष्मा पळवला तर कुठलंही पोर बावरलेलंच दिसणार. बावरट म्हणून छळतात की छळून बावरट झालाय, हे स्कॅनर कसं सांगणार?"

तिनेच नॉर्वेतल्या बर्गनचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांची दादागिरीची व्याख्या सांगितली : मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि ताकद एका बाजूला जास्त असताना दिलेला त्रास. साडेचार हजारांत कोणी विचारलं नाही की ती पोरं कितवीत आहेत, रोज होतं का, बाकीचे तेव्हा काय करतात. हा शेवटचा प्रश्न मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना सालमिव्हॅली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वर्गातली बहुतेक मुलं या प्रकारात कुठली ना कुठली भूमिका करत असतात : कोणी साथ देतं, कोणी खिदळून चढवतं, कोणी खिडकीबाहेर बघतं, एखादंच मध्ये पडतं. तिथल्या शाळांतला दादागिरी रोखण्याचा 'किवा' कार्यक्रम म्हणूनच बघ्यांवर जास्त काम करतो.

रात्री मुलाला विचारलं, हसतं कोण? त्याने पाच नावं सांगितली, अगदी सीटच्या क्रमाने. वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी त्या दोघांच्या पालकांना बोलावलंच, पण त्या पाचांनाही एकेकटं बसवून बोलल्या. व्हॅनकाकांनी दोघांना पुढे, स्वतःच्या शेजारी घेतलं. खर्च शून्य. मुलगा अजूनही बुजराच आहे, कमी बोलतो, माझ्या वडिलांसारखा. चष्मा मात्र जानेवारीपासून तोच आहे. पाचातला एक आता त्याच्या शेजारी बसतो, दोघं मिळून डबा खातात. मी दोन पोळ्या जास्त देते.

सेंटरला पैसे परत मागितले. म्हणाले, रिफंड नाही, पण धाकटीची टेस्ट वीस टक्के कमीत करून देऊ.