छातीपर्यंतचे वेडर आणि माझे ३३,२३५ रुपये

एकूण ३३,२३५ रुपये गेले. चार वेडरचे, म्हणजे पाण्यात उतरायच्या पोशाखांचे, ७,५९६, 'साइज बदलून देतो' म्हणून घेतलेले ६४० आणि बँकेतून दोन तुकड्यांत उडालेले २४,९९९. हिशोब आधीच मांडला, कारण ज्याला सांगावं तो अर्ध्यावर तोडून हेच विचारतो, 'पण गेले किती?' आणि मोबाइलवरून खरेदी करणारा मी काही नवखा नाही. एरेटरचे, म्हणजे तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचे, सुटे भाग, पीएच मीटर, जाळी, सगळं तसंच येतं. खाडीकाठच्या माणसानं दर वेळी मुंबई गाठायची का?

आमची कोळंबीची तळी आहेत, व्हेनामी जातीची. आत उतरायचं तर छातीपर्यंतचा वेडर लागतो, खाली गमबूट जोडलेला, वर खांद्यावर पट्टे. एका तळ्यातला वेडर तसाच दुसऱ्यात नेला की रोगही सोबत जातो. व्हाइट स्पॉट या कोळंबीच्या रोगानं ज्याचं तळं बसलंय तो यावर वाद घालणार नाही. म्हणून दर तळ्याला वेगळा, असे चार हवे होते. हौस म्हणून नव्हे.

जाहिरात मोबाइलवर आपोआप समोर आली. मूळ किंमत ४,९९९, सेलमध्ये १,८९९. 'एवढं स्वस्त बघूनच कळायला हवं होतं,' असं आता सगळे सांगतात. दिवाळीत हीच मंडळी अर्ध्या किमतीत टीव्ही घेऊन येतात, तेव्हा कुणाला काही कळत नाही. माल आल्यावर पैसे द्यायची सोय होती, पण त्याला नगामागे ३०० जास्त. चारांचे १,२०० वाचवायला आधी भरले. कुणीही भरले असते. तुम्ही मात्र भरू नका. आधी पैसे भरले तर सूट, असं म्हणणारा अनोळखी विक्रेता दिसला की तिथूनच मागे फिरा.

खरं सांगायचं तर मी भावाला भुललोच नाही. मापाला भुललो. विक्रेत्याचा व्हॉट्सॲपवरचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता, 'दादा, दादा' करत. छाती किती, उंची किती, वजन किती, पोट सुटलंय का, आत फुल पँट असते की हाफ? माझ्या लग्नाच्या सुटाला शिंप्यानं एवढं विचारलं नव्हतं. मी घरात टेप शोधली, दोन्ही गड्यांना ओटीवर उभं करून मापं घेतली, कागदावर लिहून फोटो पाठवला. त्यानं एक एक्सएल, दोन एल, एक एम असं ठरवून दिलं. चोर माप घेत बसतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

आणि इथेच मेख होती. पायाचा नंबर त्यानं विचारला नाही.

ज्यानं एकदा तरी चिखलात वेडर वापरलाय, त्याला कळेल मी का कपाळ बडवतोय. बूट वेडरलाच चिकटवलेले असतात, काढून बदलता येत नाहीत. छातीशी सैल झाला तर पट्टा ओढता येतो, बूट कसा ओढणार? नंबर मोठा पडला की पाय वर येतो आणि बूट गाळात राहतो, मग माणूस तोंडावर आपटतो. लहान पडला तर तासाभरात बोटं बधिर. म्हणून छाती नंतर, पाय आधी, तोही जाड मोजा घालून. मी स्वतःहून लिहिलं होतं, 'एका गड्याचा नंबर १० आहे, दुसऱ्याचा ७.' त्यावर उत्तर आलं: 'बूट फ्री साइज आहेत दादा, आत इनसोल येतो.'

फ्री साइज! साडी फ्री साइज असते. गमबूट? तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. पण त्या दिवशी काढणी तोंडावर आलेली, लाइट गेलेली, जनरेटर धाप टाकत होता. एरेटर बंद पडले तर पहाटेपर्यंत माल गुदमरून मरतो. तशा वेळी इनसोलवर कोण विचार करत बसेल? भरले ७,५९६.

पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच कुठल्या कपड्याच्या दुकानाचं नाव. एक्सएल, एल, एम, सगळं चिकटपट्टीवर. उघडून एकावर एक ठेवले तर चारही सारखे, बूट चारही ४२, म्हणजे आपला ८. कापड रेनकोटच्या लायकीचं. उंच गड्यानं घालून पाहिला, पट्टे खांद्यावर नेताना जांघेत ताण आला, आणि उकिडवा बसला तशी शिवण टर्रकन फाटली. अंगणातच. पाण्यात फाटली असती तर काय झालं असतं, हा विचार नको वाटतो.

तेव्हा उंचीवरून माप देऊ नका. जांघेपासून तळव्यापर्यंतची लांबी मोजा. दोन माणसं सारख्या उंचीची असली तरी पाय सारखे नसतात. घालून उकिडवं बसता आलं पाहिजे, पाय खुर्चीवर ठेवता आला पाहिजे. आणि कमरेला पट्टा नसलेला वेडर फुकट मिळाला तरी नको. वरून पाणी शिरलं तर ते पायात भरायला वेळ लागावा, यासाठी तो असतो.

तक्रार केली तर तोच गोड आवाज. 'चुकून झालं दादा, बदलून देतो, उलट पार्सलचे नगामागे १६०.' दिले ६४०. मग व्हॉट्सॲपवर 'रिटर्न फॉर्म' आला. नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं होतं, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल. फॉर्म म्हणून दाबला, मोबाइलनं काहीतरी परवानगी मागितली, दिली. इथे हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. रात्री ९,९९९ गेले आणि पाठोपाठ १५,०००. ओटीपी मी कुणाला सांगितलेला नाही. तो मला दिसलाही नाही. त्या फाइलनं मेसेज परस्पर पळवले. पीडीएफ असो, लग्नपत्रिका असो की चलान, शेवटी एपीके दिसलं की हात लावू नका.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, सकाळी लगेच फोन केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. हे मात्र करा, आणि पहिल्या तासात करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच काही आशा.

आता पुढची वरात ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे, वेडर खराब निघाला हा ग्राहकाचा वाद, बँकेचं तेवढं आमचं, आणि गुन्हा तुमच्या ठाण्यात नोंदवा. ३३ हजारांचा आकडा ऐकून एक जण म्हणाला, 'काका, इथे चाळीस-चाळीस लाखांच्या फायली पडल्यात.' म्हणजे मी आणखी गमवायला हवे होते का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हद्द कुणाची हे न बघता तक्रार घ्यायची असं त्यात आहे. हे सांगितल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच.

बँकेनं तर कमाल केली. 'ओटीपी टाकूनच व्यवहार झालाय, जबाबदारी तुमची.' एका ओळीचं उत्तर. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट आहे, चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. मी छापून नेलं. काउंटरवरच्या मुलीनं ते पंच करून फायलीला लावलं आणि 'वर पाठवते' म्हणाली. वर कुणाकडे, ते सांगेना. तीन दिवसांत लेखी कळवा आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय. ग्राहक तक्रारीच्या फोनवर विचारलं, विक्रेत्याचा पत्ता काय? अहो, पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? ज्या साइटवर पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही, तिथे खरेदी करू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी दोन्ही देणं सक्तीचं आहे. मी नंतर शोधलं, नव्हतं.

शेवटी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात गड्यांना घेऊन, जाड मोजे घालून, दुकानदाराच्या समोर दोघांना उकिडवं बसवलं. २,८५० ला एक पडला. त्यानं शिवणी आतून बॅटरी लावून दाखवल्या, भोक असेल तर उजेड बाहेर दिसतो. न मागता.

ती जाहिरात अजून चालू आहे. साइटचं नाव बदललंय, फोटो तेच, निळ्या टोपीचा माणूस आणि डाव्या गुडघ्यावर ठिगळ. भाव आता १,६९९. मी तक्रारीचं बटण दाबलं, त्यावर उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही.