पाच-सात कॉम्प्युटरच्या ऑफिसातलं शेअर फोल्डर: विंडोज पीसीवर ठेवावं की नॅस घ्यावा?

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधले कॉम्प्युटर मी सांभाळतो. काट्यावर एक, शेतकऱ्यांच्या नोंदीला दोन, ग्रेडरकडे एक, मुनीमजींकडे एक आणि शेठच्या केबिनमध्ये एक, असे सहा. पहिले तीन हंगाम मुनीमजींच्या पीसीवरचं फोल्डर शेअर करून चालवले, मग नॅस आणला, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवायचा हार्ड डिस्कचा डबा. दोन्हींवरचे परवानग्यांचे घोळ निस्तरून झालेत, म्हणून लिहितोय. कोणी कृषी सेवा केंद्र, पतसंस्था किंवा डेअरीसाठी हाच विचार करत असेल तर उपयोग होईल. स्पीड आणि स्टोरेजचं बोलत नाही. काटा पावत्या आणि एक्सेलच्या फाइलींना दोन्हीकडे ते पुरून उरतं.

आधी पीसीच्या बाजूने बोलतो. त्यात नवीन काही विकत घ्यावं लागत नाही आणि बिघडलं तर गावातला कोणताही जाणता मुलगा हात घालू शकतो. शिवाय फाइल का अडली हे शोधायची साधनं विंडोजमध्ये खरंच चांगली आहेत. ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीतल्या ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’मध्ये यूझरचं नाव टाकलं की त्याला त्या फोल्डरवर नेमकं काय करता येतं ते दिसतं.

पण फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परवानग्यांच्या पाट्या (टॅब) दोन असतात, एक शेअरिंगची आणि एक सिक्युरिटीची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यातली जी कडक, ती चालते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ दिला आणि सिक्युरिटीत नुसतं ‘रीड’ ठेवलं, तर समोरच्याला वाचण्यापुरतंच मिळतं. मी शेअरिंगची पाटी सैल ठेवून सगळा बंदोबस्त सिक्युरिटीत करायचो. शोधाशोध निम्म्यावर येते.

इथवर तक्रार नव्हती. माझा निर्णय फिरला तो दुसऱ्याच गोष्टीवर.

डिसेंबरात आवक जोरात असते. आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागलेली असायची आणि काट्यावरच्या पोराचा फोन यायचा, “भाऊ, फाइल दिसून राहिली, पण उघडून नाही राहिली.” मी जाऊन बघायचो. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली उघडायच्या, नेमकी आजच्या दराची फाइल उघडायची नाही. मुनीमजींच्या पीसीवर मात्र तीच फाइल लोण्यासारखी उघडायची. मी पासवर्ड बदलले, राउटर बंद करून चालू केला, काट्यावरच्या पीसीवर विंडोजही नव्याने टाकलं. दोन दिवसांनी दुसरी फाइल अडायची.

कारण कळलं तेव्हा साधं निघालं. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हच्या आत फाइल हलवली, तर ती जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. मुनीमजी दराची फाइल आधी डेस्कटॉपवर बनवायचे आणि झाली की माउसने ओढून शेअर फोल्डरमध्ये सोडायचे. डेस्कटॉपवरच्या फाइलवर हक्क त्या यूझरचा, ॲडमिनिस्ट्रेटरचा आणि सिस्टीमचा. पीसीत एकच सी ड्राइव्ह, म्हणून ओढलेली फाइल कॉपी न होता हलायची आणि नव्या जागीही एकट्या मुनीमजींचीच राहायची. याला बिघाड म्हणता येणार नाही, नियमच तसा आहे. पण हा नियम हिशेबात बुडालेल्या माणसाने दिवसातून वीसदा लक्षात ठेवावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मुनीमजी साठीच्या पुढचे आहेत. “कॉपी करा, ओढू नका” हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं, तरी हात आपोआप ओढायचाच.

यावर उपाय आहेत, मी दोन करून पाहिले. पहिला म्हणजे वरच्या फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत जाऊन ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एन्ट्रीज’वर टिक करणे. आतल्या सगळ्या फाइली एका झटक्यात सरळ होतात. पण आतल्या एखाद्या फोल्डरला मुद्दाम लावलेलं कुलूपही त्यात निघून जातं. माझ्या हातून पगाराचं फोल्डर असंच सगळ्यांना उघडं झालं आणि दोन दिवस कळलंच नाही. शेठ काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसरा उपाय जास्त बरा आहे: शेअरसाठी वेगळं डी पार्टिशन. डेस्कटॉपवरून डीमध्ये फाइल ओढली तर ड्राइव्ह बदलतो, आतून कॉपीच होते आणि परवानग्या नव्या जागेच्या लागतात. त्यावर एक हंगाम छान गेला. मग जागा मोकळी दिसली म्हणून मुनीमजींनी डीमध्येच स्वतःचं खाजगी फोल्डर केलं, तिथून शेअरमध्ये फाइली ओढायला लागले आणि काट्यावरून पुन्हा फोन सुरू झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की परवानग्या मी कितीही नीट लावल्या तरी ज्या पीसीवर रोज माणूस बसतो, तिथे त्या हळूहळू विस्कटणारच. नॅसच्या डब्यासमोर कोणी बसत नाही. येणारा प्रत्येक जण नेटवर्कवरून, आपल्या नावाने येतो. माझ्यासाठी पारडं इथे झुकलं.

नॅसवर मी खात्यागणिक वेगळं शेअर केलं: काटा, शेतकरी, हिशेब, पगार. एका शेअरमधून दुसऱ्यात फाइल नेली की विंडोज ती कॉपी करूनच नेतं, त्यामुळे तिला नव्या जागेचेच नियम लागतात. एकाच शेअरच्या आत उपफोल्डरांना वेगवेगळ्या परवानग्या द्याल तर जुनाच घोळ तिथेही होऊ शकतो, म्हणून तो मोह मी टाळतो. कोणाला काय दिसतं हे एकाच तक्त्यात दिसतं: वाचायचं, लिहायचं की बंदी. माझ्याकडच्या डब्यावर गटाला परवानगी आणि माणसाला बंदी असेल तर बंदी जिंकते. बहुतेक अडचणी मी तेवढ्यावरून फोनवरच सोडवतो.

नॅसला आपली दुखणी आहेत. एका पीसीवरून एकाच डब्याला दोन वेगळ्या नावांनी जोडायला गेलं की विंडोज १२१९ क्रमांकाची एरर देऊन अडवतं. आधीचं कनेक्शन तोडून, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद काढली की सुटतं. यूझरला नव्या गटात घातलं तर त्याने एकदा बाहेर पडून परत लॉगिन करावं, नाहीतर बदल लागलाच नाही असं वाटतं. दुसरं म्हणजे पासवर्ड नसलेलं सगळ्यांसाठीचं फोल्डर विसरा. २०२४ च्या २४एच२ अपडेटनंतर विंडोज ११ प्रो असं गेस्ट कनेक्शन मुळातच नाकारतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर ज्यांनी नवे पीसी घेतले, त्यांच्यातले बरेच जण इथे अडकलेले मी पाहिले आहेत. पीसीवरच्या शेअरलाही हे लागू आहे. तिथे आणखी एक खोच आहे: मुनीमजी पिनने लॉगिन करतात, पण नेटवर्कवर पिन चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तो कोणाला आठवत नसतो. शेअरसाठी वेगळं लोकल अकाउंट करा आणि त्याचा पासवर्ड कोरा ठेवू नका, कोरा पासवर्ड नेटवर्कवरून घेतला जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर डबा, दोन हार्ड डिस्क आणि यूपीएस मिळून आम्हाला एका बऱ्या पीसीएवढा पडला. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसमध्ये काटकसर नको. उडत्या रुईचाही विचार करा. डबा प्रेस हॉलच्या भिंतीला नको, ऑफिसात आतल्या बाजूला असावा, आणि पंख्याची जाळी आठवड्याला पुसावी. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जिनिंगही बंद असतं, तेव्हा आम्ही तो सरळ बंद करून ठेवतो.

दोन-तीनच कॉम्प्युटर असतील आणि फाइली टाकणारा माणूस एकच असेल, तर नॅससाठी पैसे घाला असं मी म्हणणार नाही. वेगळं पार्टिशन करा, त्यात शेअरशिवाय दुसरं एकही फोल्डर होऊ देऊ नका, भागेल. चारच्या पुढे गेलात आणि शेअरचा पीसी रोज कोणीतरी वापरत असेल, तर मात्र मी नॅसच्याच बाजूने बोलेन. मुनीमजी आजही फाइली ओढूनच टाकतात. गेल्या हंगामात काट्यावरून फोन आले, पण फाइल उघडत नाही म्हणून एकही आला नाही.