नंबर खरा, कागद खरे, गाडी भलतीच

इटलीतल्या तुरिनच्या आसपास कोणी 'पूर्ण रिस्टोअर केलेली' लान्चिया फुल्विया १.६ एचएफ ही जुनी इटालियन गाडी बाजारभावापेक्षा बऱ्यापैकी कमी किमतीत देत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुल्विया कूपे, म्हणजे दोन दारांची फुल्विया, आली १९६५ साली. व्ही-४ इंजिन, पण सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन जेमतेम १३ अंशांचा, आणि सगळं इंजिन ४५ अंशांत कलतं बसवलेलं. रॅलीसाठीची, १.६ लिटर इंजिनाची १.६ एचएफ १९६९ ची. पुढचे आतले दोन दिवे मोठे म्हणून सगळे तिला फानालोने, म्हणजे 'मोठा दिवा', म्हणतात. सांद्रो मुनारी आणि मारिओ मानुच्ची यांनी १९७२ ची माँटे कार्लो रॅली १४ नंबरच्या फुल्वियात जिंकली, तेव्हापासून इथे या गाडीचं नाव निघालं की माणसं हळवी होतात. फानालोने बनल्या सुमारे साडेबाराशे. साध्या १.३ कूपे त्याच्या कितीतरी पट, आणि वरवर दोघी जवळपास सारख्याच. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे तुरिनला. ऑफिसमधला एक इटालियन मित्र आणि मी अशा दोघांनी मिळून गाडी घेतली. विकणारा स्वतःच छोटं वर्कशॉप चालवतो. बोलायला गोड, घाई अजिबात नाही, कॉफीशिवाय सोडायचा नाही. त्याने कागद पुढे ठेवले: जुनं नोंदणीपुस्तक, वाहन नोंदणी कार्यालयातून काढलेली मालकांची साखळी, कारखान्याच्या वारसा विभागाचं मूळ प्रमाणपत्र. आम्ही एकूण एक कागद पडताळला. सगळे अस्सल. चासी नंबर ८१८.५४० ने सुरू होणारा, म्हणजे पहिल्या मालिकेची १.६ एचएफ. इंजिनही खरंच १.६ चं.

लोहचुंबक नेलं होतं. या मालिकेतल्या एचएफची दारं, बोनट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. बोनटला चुंबक चिकटलं नाही, डिकीला नाही, दाराला मात्र टपकन चिकटलं. "रॅलीत मूळ दारं चेपली हो, नवी कुठून आणणार?" उत्तर तयारच होतं. शिवाय रिस्टोरेशनच्या फोटोंचा जाडजूड अल्बम: गंजलेला फ्लोअर, नवा पत्रा, प्रायमर, रंग. नंतर लक्षात आलं की चासी नंबर आणि गाडीचं बाकी अंग एकत्र दिसेल असा एकही फोटो त्यात नव्हता. नंबरचे फोटो वेगळे, बॉडीचे वेगळे.

पहिल्याच हिवाळ्यात इंजिनमागच्या पत्र्यावर रंगाला फुगा आला, तोही नेमका नंबरच्या कडेला. एका म्हाताऱ्या डेंटिंगवाल्याकडे नेली. त्याने रंग खरवडला, खालून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) निघाली, आणि तिच्याखाली नंबरभोवती तळहाताएवढा चौकोन. वेल्डिंगची शिवण बाहेरून कानस मारून सपाट केलेली. मग तो डॅशबोर्डखाली उताणा झोपला, नमद्याचा थर ओढला आणि टॉर्च मारला. आतल्या बाजूला कानस मारायचा त्या पठ्ठ्याने कंटाळा केला होता. गाठीगाठींची शिवण जशीच्या तशी.

झालं होतं असं. एक खरी फानालोने कुठेतरी सडत पडलेली होती. फुल्वियाचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन ज्या सबफ्रेमवर बसतं ती गंजली की दुरुस्ती परवडत नाही. तिचं इंजिन, बोनट, डिकीचं झाकण, कागद आणि नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा एवढं उचललं आणि १.३ च्या बॉडीला चढवलं. विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणतो, रॅलीवाले बॉडी बदलायचेच की! बदलायचेही असतील, बदललेली बॉडी मूळची म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे.

खरी मेख पुढे आहे. आमच्या बॉडीचा स्वतःचा नंबर कापून टाकलेला, म्हणजे ती कोणाची, चोरीची की भंगारातली, सांगता येत नाही. चासी नंबरशी छेडछाड हा इटलीत फौजदारी मामला आहे. तक्रार आम्हीच केली आणि जप्त झाली आमचीच गाडी.

मूळ प्रमाणपत्रावर विसंबू नका. त्या नंबरची गाडी कारखान्यातून काय म्हणून निघाली एवढंच ते सांगतं. समोर उभी आहे ती तीच का, हे त्यात नसतं. तुरिनच्या व्हिया प्लावा रस्त्यावरच्या कारखान्याच्या त्याच वारसा विभागाकडून गाडी प्रत्यक्ष तपासून घेता येते. त्याचा खर्च लागतो, तो करा. आणि व्यवहाराआधी डॅशबोर्डखालचा नमदा उचलून नंबरच्या मागची बाजू दाखवायला सांगा. आमच्या विक्रेत्याने 'नवं काम आहे, खराब होईल' म्हणून हात लावू दिला नव्हता.

पैसे अजून अडकलेले आहेत. वकील म्हणतो, वर्ष-दोन वर्षं धरून चाला. विक्रेत्याचं वर्कशॉप मात्र चालू आहे, आणि परवाच कळलं की आणखी एक लाल फुल्विया तिथे रंगायला लागली आहे.